अंगणातली दुरुस्ती

सोमवारी सकाळी केतकी रणदिवेने आपल्याच नावाने लिहिलेलं एक उत्तर वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

उत्तर गोड होतं. ‘तबस्सुम, काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात गं. खचू नकोस. अब्बांची काळजी घे, आणि बरं वाटलं की परत ये. आम्ही सगळे इथेच आहोत.’ खाली नाव होतं, केतकीताई.

हे तिने लिहिलेलं नव्हतं. तिच्या नावाने एका एआय यंत्राने लिहिलं होतं. तशी सोय तिनेच करून ठेवली होती, तेव्हा दचकण्याचं खरं तर कारण नव्हतं. अशी कितीतरी उत्तरं रोज तिच्या नावाने जात आणि ती एकही वाचत नसे. हे वाचलं ते केवळ तबस्सुमच्या वडिलांना तपासणाऱ्या, केतकीच्या ओळखीच्या कोल्हापूरच्या कानाच्या डॉक्टरने ‘हे काय प्रकरण आहे?’ असं विचारत पाठवलं म्हणून. मग ज्याला हे उत्तर होतं, ते मूळ पत्रही तिने उघडलं.

‘नमस्कार. मी तबस्सुम मोमीन, इचलकरंजी. गाडी रिव्हर्स घेताना वाजणारा बीप आपल्या कानात घालायच्या यंत्रातून गायब होतो, त्यावर मी केलेली दुरुस्ती गेल्या महिन्यात नव्या आवृत्तीत गेली. माझ्या अब्बांच्या कानातल्या यंत्रातही ती आवृत्ती आली. अब्बा आजवर दर चार पावलांना मागं वळून बघायचे. मी त्यांना म्हटलं, आता ऐकू येणार आहे, सारखी मान वळवत जाऊ नका. परवा गल्लीत सुताची बिमं, म्हणजे मागाची मोठी रिळं, भरलेला टेम्पो मागं येत होता. त्यांना बीप ऐकू आला नाही. खुब्याचं हाड मोडलंय. माझ्या कोडमध्ये चूक नेमकी कुठे आहे ते कृपा करून कोणीतरी सांगा. मी पुष्कळ शोधली, मला सापडत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असं व्हायच्या आत ती काढून टाका.’

चूक कुठे आहे ते केतकीला त्याच क्षणी कळलं. बाईच्या कोडमध्ये ती असली-नसली तरी काही फरक पडत नव्हता, कारण ते कोड कोणाच्याही कानापर्यंत पोचलेलंच नव्हतं.

*

हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

‘कानोसा’ हे कानात घालायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर. केतकीने ते सांगलीच्या आपल्या घरात, वडिलांना ऐकू येईनासं झालं तेव्हा सुरू केलं आणि जगाला मोकळं करून टाकलं. ओपन सोर्स. म्हणजे कोणीही उघडून बघावं, कोणीही दुरुस्त करावं, कोणाच्याही मालकीचं नाही. कंपन्यांची महागडी यंत्रं ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्या कानात स्वस्तातल्या यंत्रांमधून कानोसा जाऊन बसलं. त्याला सांभाळणारी माणसं बिनपगारी. कोणी नोकरी सांभाळून, कोणी मुलं निजवून काम करी. अशा प्रकल्पाची सगळी ताकद नव्या माणसांत असते. जुनी थकतात, कंटाळतात, लग्नं करतात, मरतात. नवी आली नाहीत तर प्रकल्प आपोआप बंद पडतो.

नव्या माणसाला आत घ्यायची एक रीत होती. सोपी कामं मुद्दाम बाजूला काढून ठेवायची. एखादं चुकलेलं बटण, एखादा उलटा लागलेला आकडा. जाणत्याने ती पाच मिनिटांत करू नयेत, नवख्याने धडपडत करावीत, जाणत्याने ती वाचून ‘इथे चुकलास, असं कर’ म्हणावं. त्या धडपडीतून माणूस तयार होई. केतकी यात वाकबगार होती. तिची त्या काळातली उत्तरं वाचून कोणालाही वाटावं की ही बाई आपल्या शेजारी खुर्ची ओढून बसली आहे.

मग कोड लिहिणारी यंत्रं आली आणि सोपी कामं संपली. चुकलेलं बटण माणसाच्या नजरेला पडायच्या आत यंत्र दुरुस्त करून टाकी. उरली ती सगळी अवघड, नवख्याने हात लावला तर भाजणारी. त्यात भर म्हणजे यंत्रांकडून लिहून घेतलेल्या खोट्या तक्रारींचा पूर आला. नसलेले बिघाड, आणि वर दुरुस्त्याही तयार. एक खरी तक्रार शोधायला शंभर खोट्या उपसाव्या लागत. केतकीची जुनी माणसं एकेक करून गळायला लागली.

तेव्हा नागपूरच्या निनाद गुळवणीने ‘अंगण’ बांधलं. निनाद तिचा जवळचा सहकारी, डोक्याने तल्लख, मनाने वाईट नव्हे. अंगण म्हणजे साऱ्या प्रकल्पाची हुबेहूब दुसरी प्रत. तीच पानं, तीच चर्चेची जागा, तशीच कामांची यादी. नवा माणूस दारातून आला की यंत्र त्याला न सांगता या प्रतीत नेऊन सोडी. तिथे यंत्र प्रतीतल्या चालत्या कोडमधला एखादा खिळा हळूच ढिला करून ठेवी, माणसाच्या वकुबाला झेपेल एवढाच. वर एखादी तक्रारही रचून देई. सटाण्याच्या कोणी आजीबाई, त्यांना नातवाचा आवाज घोगरा ऐकू येतोय. नवखा चार दिवस झटून खिळा घट्ट करी. आजीबाईंकडून आभाराचा निरोप येई. अशा आजीबाई सटाण्यात नव्हत्या आणि कुठेच नव्हत्या.

आणि या सगळ्यावर केतकीचा हात फिरे. यंत्राला तिची वर्षानुवर्षांची उत्तरं वाचायला दिली होती. ते तिच्यासारखं कौतुक करी, तिच्यासारखं हळूच कान पकडी, तिच्यासारखं घरचं विचारी. तयार झालेला माणूस एक दिवस अलगद खऱ्या प्रकल्पात उचलून ठेवला जाई. असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीचे अंगणात खेळत राहत आणि खूश असत.

खोट्या तक्रारींचा पूर आला तेव्हा आणखी एक नियम झाला. नवख्याने स्वतःहून आणलेली तक्रारही अंगणातच ठेवायची. तो नियम मात्र निनादचा नव्हता, केतकीचा होता. ‘निदान आपल्याला श्वास तरी घेता येईल,’ असं ती तेव्हा म्हणाली होती.

असे प्रकल्प चालवणाऱ्यांच्याच बंगळूरच्या एका परिषदेत तिने ‘नवा माणूस टिकतो कसा’ यावर भाषण केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सटाण्याच्या आजीबाईंचा किस्सा सांगितल्यावर तर सभागृह हसून लोळलं, आणि केतकीही हसली.

*

त्या सोमवारी तिने आधी खरं कोड तपासलं. तबस्सुमची दुरुस्ती त्यात नव्हती. अंगणात सापडली. त्याखाली यंत्राने तिच्याच नावाने लिहिलं होतं, ‘शाब्बास! पुढच्या आवृत्तीत सामील.’ पुढची खरी आवृत्ती खरोखरच त्याच आठवड्यात निघाली होती आणि अब्बांच्या कानात गेली होती. फक्त तबस्सुमची ओळ तिच्यात नव्हती. कानात जाणाऱ्या यंत्राला सरकारी नियमाने सही-शिक्क्याची आवृत्तीच चालते, त्यामुळे घरच्या घरी आपलं कोड घालून बघायची सोय नव्हती. बाईने विश्वास ठेवला, एवढंच तिच्या हातात होतं.

आणि बिघाड खरा होता.

मांडवात माईक कर्ण्याच्या समोर नेला की कीऽऽ करून कान फाडणारी शिट्टी होते, तोच प्रकार कानातल्या यंत्रात सारखा होऊ बघतो. तिथे माईक आणि कर्णा यांच्यात बोटभरही अंतर नसतं. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो, वाढतो, पुन्हा शिरतो. म्हणून सॉफ्टवेअर सतत कान देऊन असतं. एकाच सुरात, न हलता चाललेला आवाज दिसला की ती शिट्टीच समजून ते तेवढा सूर कापून काढतं. माणसाचं बोलणं सतत हलतं, म्हणून ते वाचतं. पण टेम्पोचा रिव्हर्सचा बीप एकाच सुरात वाजतो. पहिले एक-दोन बीप ऐकू येतात आणि मग सॉफ्टवेअर त्यांना ओळखून गिळून टाकतं. यंत्रमागांच्या खडखडाटात ते पहिले दोन ऐकू येणं कठीणच.

केतकीने टेबलावर ठेवलेल्या कानाच्या यंत्रासमोर बीप वाजवून पाहिला. तिसऱ्या बीपाला यंत्र गप्प झालं.

मग तिने तबस्सुमचं कोड वाचलं. फार चांगलं नव्हतं. कल्पना बरोबर होती, शिट्टी सलग असते आणि बीप थांबून-थांबून येतो, तेव्हा थांबे मोजावेत. पण मोजणी ओबडधोबड होती, आणि जुन्या यंत्रांत ती बॅटरी पार पिऊन टाकली असती. कोणीतरी शेजारी बसून ‘हे इथे नको, तिथे घे’ म्हणायला हवं होतं. एका दुपारचं काम. केतकी असल्या दुपारींसाठीच प्रसिद्ध होती, आणि ही दुपार तिने दिलेली नव्हती. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरीही.

तिने निनादला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो नेहमीच्या शांतपणे मुद्दे मांडू लागला. आपण लपवलेलं नाही, माहितीच्या पानावर ‘प्रशिक्षणाचं वातावरण’ असा उल्लेख आहे. ते पान कोणी वाचत नाही हा आपला दोष नाही. आपण दुरुस्ती नीट करून आजच खऱ्या कोडमध्ये घालू, बाईचं नाव लावू, तातडीची आवृत्ती काढू. तिला कळवू की चूक सापडली, सुधारली.

“म्हणजे तिच्या चुकीने तिचे वडील पडले, असं तिला जन्मभर वाटू द्यायचं,” केतकी म्हणाली.

निनाद म्हणाला की हे कळलं तर अंगणातले सगळे जातील, एकूण एक. आणि नवी माणसं गेली की कानोसा दोन वर्षांत संपेल. मग किती म्हाताऱ्यांच्या कानातली यंत्रं बंद पडतील याचा हिशोब कर.

“तिचं काय?”

“तिची समजूत यंत्र घालेल. आपल्यापेक्षा बरी घालतं ते.”

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं, आणि तेच केतकीला झोंबलं.

तिने त्या दिवशी तबस्सुम आणि ‘केतकीताई’ यांच्यातला सारा पत्रव्यवहार वाचून काढला. दीड वर्षाचा होता. तबस्सुम तिथल्या मुलींच्या शाळेत कम्प्युटर शिकवते, लग्न मोडलंय, अब्बांनी उभा जन्म मागावर काढला आणि कान तिथेच ठेवून आले, पाहुणे फार बोलायला लागले की ते गुपचूप यंत्र बंद करतात. केतकीताईंनी प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं होतं. आपल्या वडिलांबद्दल लिहिलं होतं, ते शेवटी-शेवटी ऐकू आल्याचं नाटक करत आणि चुकीच्या जागी हसत, हेसुद्धा. त्यात एक शब्द खोटा नव्हता. केतकीने ते कधीतरी, दुसऱ्या कोणाला तरी, खरोखर लिहिलं होतं.

इचलकरंजी सांगलीहून गाडीने तासाच्या आत आहे. इतक्या जवळ राहणाऱ्या या बाईचं नावही आपल्याला सकाळपर्यंत माहीत नव्हतं, याची तिला शरम वाटली.

*

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीत दार उघडणारी बाई क्षणभर बघत राहिली आणि मग फोटोतला चेहरा ओळखून तिने केतकीला मिठीच मारली.

“ताई, तुम्ही कशाला आलासा एवढं? मी म्हटलं मेसेज केलाय तेवढं लई झालं.”

केतकीच्या तोंडून “तुम्ही कशा आहात?” असं निघालं. तबस्सुम हसली. म्हणाली, आज तुम्ही-तुम्ही काय लावलंय, दीड वर्ष तू म्हणताय की. केतकीने मान डोलावली.

खोली माडीवरची. खाली माग चालू होते आणि जमीन बारीक थरथरत होती. खिडकीशी पलंगावर अब्बा पडले होते, पायाला वजन बांधलेलं. त्यांनी हात कपाळाला लावून सलाम केला. तबस्सुम त्यांच्या कानाशी जाऊन जरा मोठ्याने म्हणाली, “अब्बा, केतकीताई. सांगत होते न्हवं, त्याच.” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. वडिलांची गोष्ट त्यांनाही माहीत होती. चुकीच्या जागी हसण्याची ती गोष्ट ऐकून ते म्हणे खूप हसले होते.

केतकीने ठरवून आणलेलं वाक्य एकदाचं म्हणून टाकलं. “चूक तुझी नव्हती, तबस्सुम. तुझी दुरुस्ती आवृत्ती बांधताना आमच्याकडून राहून गेली. यंत्रात ती नव्हतीच.”

तबस्सुम खालीच बसली, पलंगाच्या कडेशी. पदर तोंडाला लावून थोडं रडली. “मला वाटलं मीच…” एवढंच म्हणाली. केतकीला वाटलं, झालं. निभावलं. राहून गेली, हे काही अगदीच खोटं नाही. एवढ्यावर उठावं आणि घरी जावं. असा विचार आपल्या मनात आला हे तिच्या लक्षात आलं, तरी तो गेला नाही.

तबस्सुमने डोळे पुसले, चहा ठेवला, आणि तिथूनच बोलू लागली. शाळेत आठवी-नववीच्या मुलींना तिने कानोसात आणलं होतं. पोरी काय हुशार आहेत म्हणून सांगू. आफरीनने सटाण्याच्या कोणा आजीबाईंचं काम केलं, आजीबाईंचा निरोप आला तर तिने तो घरी फ्रेम करून लावलाय. तिच्या बापाचं म्हणणं होतं, पुरे झाली शाळा. तो आता काही बोलत नाही.

मग कप पुढे करताना तिने विचारलं, “माझं राहिलं ते राहू दे ताई. पोरींचं तरी गेलंय न्हवं?”

खालचे माग खडखडत होते. केतकीने कप घेतला आणि बशीत ठेवला. ‘हो’ म्हणायला एक क्षण पुरला असता.

“नाही,” ती म्हणाली. “कोणाचंच गेलेलं नाही.”

आणि तिने सगळं सांगितलं. अंगण म्हणजे काय, ढिले केलेले खिळे, रचलेल्या तक्रारी. बाहेरून आलेली खरी तक्रारही तिथेच अडकेल असा नियम आपणच केला, हेही. सांगताना तिचा आवाज भाषणातल्यासारखा नीटनेटका होऊ लागला तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली आणि ती थांबली.

तबस्सुमने आरडाओरडा केला नाही. तिने चहाची गाळणी भांड्यावर उपडी करून ठेवली.

“आजीबाई नाहीतच?”

“नाहीत.”

“मग अब्बांची चौकशी कोण करत होतं?”

“यंत्र.”

“आणि तुमच्या वडलांचं? ते हसायचं?”

“ते खरं आहे. पण ते तुला मी सांगितलेलं नाही.”

“तुम्ही माझं एक पण वाचलं नव्हतं?”

“नाही,” केतकी म्हणाली. “कालपर्यंत तुझं नावही मला माहीत नव्हतं.”

अब्बांना लेकीचा चेहरा दिसत होता. त्यांनी मोठ्याने विचारलं, ताई काय म्हणतायत. तबस्सुम उठली, त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “काय न्हाई अब्बा. चूक माझी नव्हती म्हणून सांगायला आल्यात.”

म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. “लई उपकार झाले ताई. पोरगी जेवत न्हवती हो चार दिस. तुमी आलासा, लई मोठं मन तुमचं.”

केतकीला जमीन दुभंगावी असं वाटलं. तिने लेकीकडे पाहिलं, पण तबस्सुमने नजर दिली नाही. “चहा घ्या आणि जावा,” एवढंच म्हणाली. केतकीने तो कडू झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. टाकून उठायचं तोंड तिला नव्हतं.

*

त्याच आठवड्यात तिने अंगण बंद केलं आणि सारं काही जाहीर लिहिलं. निनादने दोनदा अडवून पाहिलं, मग शुभेच्छा देऊन तो बाजूला झाला. त्याचा राग नव्हता, तो थकला होता. तबस्सुमची दुरुस्ती केतकीने स्वतः नीट करून खऱ्या कोडमध्ये घातली आणि तातडीने सगळ्यांच्या कानात पोचवली. टेबलावरच्या यंत्रातून आता बीप शेवटपर्यंत ऐकू येत होता.

निनादचा अंदाज खरा ठरला. माणसं गेली. जाताना बोलून गेली ते वेगळं. कोणी लिहिलं, बाबा गेले तेव्हा तुमच्या दोन ओळींनी धीर आला होता, त्या कोणाच्या होत्या ते आता मला सांगू नका. शिव्या परवडल्या असत्या. बंगळूरच्या परिषदेवाल्यांनी तिचं भाषण गुपचूप काढून टाकलं. दुकानात, बँकेत कोणी ‘मॅडम, तुमचं ते कानाचं काम कसं चाललंय’ म्हटलं की तिची कानशिलं शरमेने तापत. आपण चांगल्या आहोत हे तिला इतकी वर्षं इतकं पाठ झालेलं होतं, की खरोखर चांगलं वागायची तिला गरजच उरली नव्हती. हे कळायला पन्नाशी यावी लागली, याचीही लाज होतीच.

तिने तबस्सुमला पत्र लिहिलं. माफी मागितली, सारवासारव केली नाही. मुलींचं काम मला खरोखर वाचायचं आहे, खरी कामं शोधून ठेवली आहेत, परवानगी दे, असं लिहिलं.

उत्तर एका ओळीचं आलं. ‘हे तुम्हीच लिहिलंय कशावरून?’

केतकी कीबोर्डवर हात ठेवून बसली. ‘अगं, मीच’ असं लिहिलं आणि खोडलं. यंत्रानेही तेच लिहिलं असतं. वडिलांची एखादी न सांगितलेली आठवण लिहावी, तर यंत्राने रचली म्हणायला वाव होता. मुद्दाम अडखळत लिहावं, तर अडखळणं त्याला तिच्याहून बरं जमे. फोन करावा, तर आवाजाची नक्कल हल्ली कोणीही उतरवतं. शब्द तिचाच, वळण तिचंच, माया तिचीच, आणि त्यातलं काहीही आता तिच्या नावावर लागत नव्हतं. ते तिनेच वाटून टाकलं होतं. तिने उत्तर लिहिलं नाही.

एका शनिवारी सकाळी ती तबस्सुमच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. शिपायाने कोण पाहिजे विचारलं, तेव्हा मोमीन बाईंना सांगा केतकी रणदिवे आल्यात, म्हणाली. बराच वेळ कोणी आलं नाही. बाकावर बसा म्हणून शिपाई दोनदा सांगून गेला. ती उभीच राहिली.

शेवटी तबस्सुम जिना उतरून आली. पंधरा पावलांवर थांबून तिने केतकीला नीट पाहून घेतलं, विकत घ्यायची वस्तू पारखावी तसं. मग वळली आणि वर निघाली. केतकी मागोमाग गेली.

कम्प्युटरच्या खोलीत मुली होत्या, पण एकही कम्प्युटर चालू नव्हता. कोणी भरतकाम करत होतं, कोणी नुसतं बसलं होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने डोळे खाली घातले ते वर केलेच नाहीत. हीच आफरीन असावी, असं केतकीला वाटलं. विचारायचा धीर झाला नाही.

येताना गाडीत तिने मुलींसाठी चार वाक्यं जुळवली होती. माफी, मग थोडं उत्तेजन, मग एक हलकासा विनोद. ती जुळवून झाल्यावर तिला जाणवलं होतं की ही तर त्या यंत्राचीच वाक्यं झाली. आता इथे उभी राहिल्यावर तिच्याजवळ एकही वाक्य नव्हतं. ती हात पुढे घेऊन, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी, फळ्याशी उभी राहिली.

तबस्सुमने एक रिकामी खुर्ची ओढली आणि पुढच्या बाकावरच्या मुलीशेजारी ठेवली. कम्प्युटर सुरू केला. मग वर्गाकडे वळून, पाहुण्यांची ओळख करून देताना बोलतात तशा सरळ आवाजात म्हणाली,

“या केतकी रणदिवे. यांनी तुमचं काम वाचलं नव्हतं. आज वाचायला आल्यात.”